पट बंद करा, किल्ली खिशात ठेवा : संगणकाविरुद्ध बुद्धिबळ कसं खेळावं

न्यूयॉर्क, नोव्हेंबर २००३. बुद्धिबळाचा माजी जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह त्रिमितीय चष्मा लावून बसला होता. समोर लाकडी पट नव्हता. हवेत तरंगल्यासारखा दिसणारा पट पडद्यावर होता आणि प्रतिस्पर्धी होता एक्सथ्रीडी फ्रिट्झ हा प्रोग्रॅम. चार डावांच्या सामन्यातला पहिला डाव बरोबरीत सुटला होता आणि दुसरा कास्पारोव्ह घोडचूक करून हरला होता. तिसऱ्या डावात त्याने पट असा बंद केला की फ्रिट्झला करायला काही उरलंच नाही. चौदाव्या चालीला फ्रिट्झने उंट ई७वरून डी६वर नेला आणि पंधराव्या चालीला तोच उंट परत ई७वर आणला. सेकंदाला लाखो स्थिती तपासणारं यंत्र, पण जायचं कुठे हे त्याला ठाऊक नव्हतं. पंचेचाळिसाव्या चालीनंतर फ्रिट्झच्या चमूने डाव सोडला.

या डावात कास्पारोव्हने यंत्रापेक्षा जास्त चाली मोजल्या नाहीत. जिथे मोजण्याला फारशी किंमत राहत नाही असा पट त्याने उभा केला. हे कौशल्य शिकता येतं. ते कसं, हे पायरीपायरीने सांगतो.

एक मर्यादा आधीच सांगायला हवी. पूर्ण ताकदीच्या स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनाला, म्हणजे चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, आज जगज्जेताही सामन्यात हरवू शकत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ पासून त्याचं मूल्यमापन न्यूरल नेटवर्ककडे गेलं आणि बंद पटांची त्याची समज खूप सुधारली. त्यामुळे इथलं तंत्र चालतं ते जुन्या प्रोग्रॅमांविरुद्ध, फोनमधल्या साध्या बुद्धिबळ अ‍ॅपविरुद्ध आणि खोली, म्हणजे किती चाली पुढे पाहायचं ते, मर्यादित केलेल्या इंजिनांविरुद्ध. तरीही ते शिकावं असं मला मनापासून वाटतं, कारण प्याद्यांची रचना पाहून दहा चालींचा बेत आखायची सवय याच सरावातून लागते. माणसांविरुद्ध खेळताना आपण अनेकदा समोरच्याच्या चुकीची वाट बघतो. यंत्रासमोर ती सोय नसते, तिथे बेत लागतोच.

पायरी १ : समोरचा विचार कसा करतो ते ओळखा

पारंपरिक बुद्धिबळ प्रोग्रॅम दोन कामं करतो, शोध आणि मूल्यमापन. मधल्या डावात साधारण तीसेक नियमाला धरून असलेल्या चाली उपलब्ध असतात. त्या प्रत्येकीला तेवढीच उत्तरं, त्या उत्तरांना पुन्हा तेवढीच. निरुपयोगी फांद्या छाटूनसुद्धा हा पसारा इतका वेगाने वाढतो की कुठेतरी थांबावंच लागतं. एका बाजूच्या एका चालीला 'प्लाय' म्हणतात. प्रोग्रॅम समजा दहा प्लाय पाहत असेल, तर दोन्ही बाजूंच्या पाच-पाच चाली झाल्या. त्या टोकाला तो स्थितीला एक आकडा देतो : प्यादं एक, घोडा-उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ, आणि त्यात राजाची सुरक्षितता, मोकळ्या पट्ट्या (पटावरच्या उभ्या रांगा), प्याद्यांची रचना यांची थोडी बेरीज-वजाबाकी. सर्वांत चांगल्या आकड्याकडे नेणारी चाल तो खेळतो.

रात्री घाटात गाडी चालवताना हेडलाइटचा उजेड पोहोचतो तेवढाच रस्ता दिसतो. प्रोग्रॅमचं तसंच आहे. उजेडापलीकडे दरी असली तरी त्याच्या हिशेबात ती नसते. याला 'क्षितिज परिणाम' म्हणतात. हान्स बर्लिनर या संगणकतज्ज्ञाने, जो स्वतः पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचा जगज्जेता होता, याचं नीट वर्णन केलं. याचीच दुसरी बाजू आपल्या जास्त कामाची आहे. येणारं नुकसान टळत नाही असं दिसलं, की प्रोग्रॅम मध्ये एखादा शह, एखादं प्यादं फेकतो. त्यामुळे ते नुकसान क्षितिजापलीकडे ढकललं जातं आणि त्याला वाटतं की टळलं. म्हणजे हरायला लागलेलं जुनं यंत्र स्वतःची पडझड आणखी वाढवतं.

माणूस उलट्या टोकाने विचार करतो. 'माझा घोडा ए५वर पोहोचला तर बी७चं प्यादं कायमचं अडकेल' असं आपण आधी ठरवतो आणि मग वाट शोधतो. पुढची प्रत्येक पायरी त्या फरकावर उभी आहे.

पायरी २ : सरावासाठी योग्य प्रतिस्पर्धी निवडा

इथे बरेच जण चुकतात. लिचेस या मोफत बुद्धिबळ संकेतस्थळावर संगणकाच्या आठ पातळ्या आहेत. खालच्या पातळ्यांवर इंजिन कमी खोल पाहतं, शिवाय मुद्दाम कमकुवत चालीही खेळतं. त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या पातळीला हरवलंत तर बहुधा त्या मुद्दाम केलेल्या चुकीचा फायदा तुम्हाला मिळालेला असतो. आपला बेत चालला असा समज होतो आणि तो खोटा असतो.

त्यापेक्षा डेस्कटॉपवर अरीना यासारखा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यात क्राफ्टीसारखं जुनं इंजिन जोडा आणि खोली सहा ते आठ प्लायवर बांधून टाका. असं इंजिन दोन-तीन चालींच्या डावपेचात सहसा चुकत नाही, पण त्यापलीकडे आंधळं असतं. नेमका हाच प्रतिस्पर्धी आपल्याला हवा आहे. स्वतःसाठी निदान अर्ध्या तासाचं घड्याळ लावा. अमेरिकन ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा असले डाव तीन मिनिटांत खेळला, पण त्याच्या हाताचा वेग आपला नाही.

पायरी ३ : ओपनिंगमध्ये पुस्तकाबाहेर काढा, पण स्वतः उघडे पडू नका

बहुतेक प्रोग्रॅमांना ओपनिंगचं पुस्तक, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या तयार चालींचा साठा, जोडलेलं असतं. त्या पुस्तकात ग्रँडमास्टरांची अनेक वर्षांची मेहनत असते, आणि त्या भागात यंत्र स्वतःच्या समजेपेक्षा शहाणं वागतं. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाशी कास्पारोव्हचा जो सामना झाला, त्यातला सहावा डाव याची सर्वांत महागडी साक्ष आहे. कास्पारोव्हने कारो-कान बचावात एच६ ही जोखमीची चाल खेळली. उत्तरादाखल डीप ब्लूने ई६वर घोड्याचं बलिदान दिलं. ती चाल त्याच्या पुस्तकात होती, पटावर बसून काही शोधावं लागलं नाही. एकोणीस चालींत डाव संपला आणि सामना ३.५–२.५ असा डीप ब्लूकडे गेला. त्याच सामन्याच्या तिसऱ्या डावात कास्पारोव्हने पहिलीच चाल डी३ अशी खेळली होती. दिसायला ती नवशिक्याची चाल वाटते, पण पुस्तक बाजूला पडतं.

आपल्यासाठी पांढऱ्याकडून सर्वांत सोपी व्यवस्था म्हणजे स्टोनवॉल, दगडी भिंत. डी४, ई३, सी३ आणि एफ४ अशी प्यादी. उंट डी३वर, काळ्याच्या एच७ घराकडे डोळा लावून. राजाकडचा घोडा एफ३वरून ई५वर. तिथून त्याला प्याद्याने हुसकायचं तर काळ्याला एफ६ खेळावं लागतं आणि त्याने ई६ दुबळं पडतं. काळ्याने घोडा मारला तर एफ प्याद्याने परत मारा : एफ पट्टी तुमच्या हत्तीला मोकळी होते आणि ई५वरचं प्यादं काळ्याच्या एफ६वरच्या घोड्याला हाकलतं. पुढे हत्ती एफ३वरून एच३वर, वजीर एच५वर, किंवा जी प्याद्याची चढाई. हा सगळा बेत सात-आठ चालींचा आहे आणि त्यातल्या पहिल्या पाच चालींत धमकी अशी काही दिसतच नाही. जुने प्रोग्रॅम त्या काळात पटाच्या दुसऱ्या बाजूला कुठलं तरी प्यादं खात बसतात.

भिंतीची दुखरी नस म्हणजे डी३वरचा उंट. काळ्याने लवकर उंट एफ५वर आणून किंवा बी६ खेळून ए६वरून त्याची अदलाबदल केली तर हल्ल्यातला जोर जातो. तसं झालं तर हल्ल्याचा हट्ट सोडा आणि सरळ पुढच्या पायरीकडे वळा.

काळ्याकडून किंग्ज इंडियन पद्धतीने डी६ आणि ई५ खेळून पांढऱ्याला डी५ ढकलायला लावा. केंद्र बंद झालं की एफ५, एफ४, जी५ असा तुमचा मार्ग ठरतो. मात्र वजिराच्या बाजूला पांढऱ्याचं सी५ जलद येतं आणि तिथल्या मारामाऱ्या यंत्र अचूक मोजतं. म्हणून सुरुवातीला सराव पांढऱ्याकडूनच करा.

पायरी ४ : कुलूप लावा, आणि किल्ली फक्त तुमच्याकडे असू द्या

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

बंद पट म्हणजे प्यादी एकमेकांसमोर अडकलेली, कुणीच कुणाला मारू शकत नाही अशी स्थिती. एवढ्याने काम होत नाही. असा पट कुठल्या तरी एका प्याद्याच्या चालीने फुटतो. ती चाल कोणाकडे आहे, हा खरा प्रश्न. दोघांकडे असेल तर यंत्र योग्य क्षणी पट फोडेल आणि मोकळ्या पटावर तुम्हाला गुंडाळेल. ती फक्त तुमच्याकडे असेल, किंवा यंत्राकडे असूनही त्याला तिचं मोल कळत नसेल, तर घड्याळाखेरीज तुम्हाला घाई नाही.

कास्पारोव्हच्या त्या डावातली बाराव्या चालीनंतरची स्थिती पटावर मांडा. पांढरा : राजा ई१, वजीर ए४, हत्ती ए१ आणि एच१, उंट ए३ आणि एफ१, घोडे सी३ आणि डी२, प्यादी ए२, बी६, सी५, डी४, ई३, एफ२, जी२, एच२. काळा : राजा ई८, वजीर डी८, हत्ती ए८ आणि एच८, उंट सी८ आणि ई७, घोडे डी७ आणि एफ६, प्यादी ए५, बी७, सी६, डी५, ई४, एफ७, जी७, एच७. चाल पांढऱ्याची.

ई३पासून बी६पर्यंत तिरकी चढत गेलेली पांढऱ्याची साखळी बघा. समोर काळ्याची बी७ ते ई४ अशी साखळी. साखळ्या ज्या दिशेने रोखलेल्या असतात, त्या बाजूला त्या-त्या पक्षाला जागा मिळते. पांढऱ्याला वजिराची बाजू मिळाली, काळ्याला राजाची. बी६वरच्या प्याद्याने काळ्याच्या वजिराची डी८वरून ए५कडे जाणारी तिरकी वाट तोडली, त्यामुळे ए५चं प्यादं आता एकट्या हत्तीवर अवलंबून आहे. कास्पारोव्हने चौदाव्या चालीला घोडा बी३वर आणला आणि सोळाव्या चालीला ते प्यादं टिपलं. आता ए पट्टीवरचं त्याचं प्यादं धावायला मोकळं, आणि तीच त्याची किल्ली.

काळ्याचीही एक किल्ली होती : एफ६चा घोडा हलवायचा, एफ५ आणि मग एफ४. त्याने राजाच्या बाजूला पट उघडला असता आणि पांढऱ्याला तिकडे मोहरी वळवावी लागली असती. फ्रिट्झने ते संपूर्ण डावात केलं नाही. एफ५ची फळं त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नव्हती, म्हणून वजीर एच६वर, उंट एच४वर, घोडा बी८वरून डी७, एफ८, जी६ करत ई७वर असा नुसता वावर चालला. तेवढ्या वेळात कास्पारोव्हने राजा ई१वरून पायी चालत बी२वर नेला आणि प्यादं ए६पर्यंत पोहोचवलं. घोडा बी३वर आल्यापासून ए६पर्यंत सोळा चाली, दोन्ही बाजू धरून तीसेक प्लाय. बेत मात्र एका वाक्यात सांगता येईल एवढा साधा होता.

तुमच्या डावात हे उतरवायचं तर प्रत्येक वेळी प्यादं मारण्याआधी स्वतःला विचारा : या मारामारीने पट्टी उघडते का, आणि उघडली तर पहिला हत्ती कोणाचा येईल? 'माझा' असं ठामपणे म्हणता येत नसेल तर मारू नका, बाजूने ढकला. माणसाविरुद्ध ताण, म्हणजे प्यादी एकमेकांना मारू शकतील अशी स्थिती, कायम ठेवणं चांगलं असतं. यंत्राविरुद्ध तो बहुतेक वेळा मिटवलेलाच बरा, कारण ताणलेल्या स्थितीत पर्याय जास्त आणि पर्यायांचा हिशेब हेच त्याचं बळ.

पायरी ५ : वजीर ठेवायचे की काढायचे?

व्लादिमीर क्रामनिकने २००२ मध्ये बहारीनला डीप फ्रिट्झविरुद्ध वेगळी वाट धरली. वजिरांची लवकर अदलाबदल, शांत स्थिती आणि हळूहळू वाढत जाणारा दाब. दुसरा आणि तिसरा डाव त्याने जिंकला. पाचव्यात घोडचूक झाली, सहाव्यात त्याने घोड्याचं बलिदान देऊन धारदार हल्ला करायचा प्रयत्न केला आणि हरला. सामना ४–४ असा सुटला. त्याची जीत कुठून आली आणि हार कुठून आली ते बघितलं की उत्तर मिळतं.

वजीर पटावर असले की डावपेचांची शक्यता अनेक पटींनी वाढते. तुमची गणनाशक्ती मध्यम असेल तर वजीर काढा. फक्त स्टोनवॉलसारख्या रचनेत, जिथे केंद्र पूर्ण बंद आहे आणि हल्ला तुमच्याच बाजूने होणार आहे, तिथे वजीर ठेवण्यात अर्थ आहे.

पायरी ६ : काही न करता खेळायला शिका

स्कॉटिश इंटरनॅशनल मास्टर डेव्हिड लेव्ही याने १९६८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जॉन मॅकार्थी यांच्याशी पैज लावली की पुढच्या दहा वर्षांत कुठलाही प्रोग्रॅम आपल्याला सामन्यात हरवणार नाही. १९७८ मध्ये टोरंटोला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला चेस ४.७ हा प्रोग्रॅम त्याच्यासमोर आला. लेव्हीने पैज ३.५–१.५ ने जिंकली. त्याची पद्धत अशी की आपण होऊन काहीच करायचं नाही, मोहरी नीट ठेवायची, कमकुवत जागा निर्माण होऊ द्यायची नाही आणि यंत्राला बेताशिवाय भटकू द्यायचं. चौथ्या डावात त्याने हे सोडून लॅटव्हियन गँबिट हा आततायी प्रकार खेळून पाहिला. सामन्यातला हरलेला एकमेव डाव तोच.

वाट पाहण्याची चाल निवडताना तीन गोष्टी बघा : ती परत घेता येते का, तिने एखादं घर कायमचं दुबळं होत नाही ना, आणि मोहरं निदान पूर्वीइतकंच सुरक्षित आहे ना. राजा एका घरावरून दुसऱ्या घरावर आणि परत, हा उत्तम प्रकार. प्याद्याची चाल मात्र कधीच परत घेता येत नाही, म्हणून वाट पाहायला प्यादं हलवू नये.

आणि प्रत्येक चालीआधी, अगदी पन्नासाव्या वेळीसुद्धा, यंत्राचे सगळे शह, सगळ्या मारामाऱ्या आणि वजिरावरच्या सगळ्या धमक्या डोळ्यांखालून घाला. बंद पटावर माणूस झोपी जातो, यंत्र जात नाही. २००६ मध्ये बॉन शहरात जगज्जेता क्रामनिक डीप फ्रिट्झविरुद्ध चांगल्या स्थितीत असताना त्याने वजीर ई३वर नेला आणि पुढच्याच चालीला एच७वर मात झाली. एका चालीची मात! त्या दर्जाच्या खेळाडूचं असं होऊ शकतं, तर आपल्याला तपासणीची सवय लावून घ्यावीच लागेल.

पायरी ७ : हल्ला क्षितिजापलीकडून आणा

तयारी झाली की मोजणी करा. तुमचा हल्ला खरं नुकसान किती प्लायनंतर करतो? यंत्राची खोली आठ असेल तर निदान दहा-बारा प्लायपर्यंत त्याला काही दिसणार नाही अशी मांडणी हवी. म्हणजे धमकी देणारी चाल शेवटी. आधी हत्ती, घोडे, राजा जागेवर, आणि मगच प्यादं ढकलायचं. नवशिके नेमकं उलट करतात. आधी प्यादं फेकतात, मग मोहरी जमवायला निघतात, आणि तेवढ्यात यंत्राला सगळं दिसलेलं असतं.

मर्यादित खोलीच्या इंजिनांवर एक आमिष अनेकदा चालतं. कॅसलिंग न करता हत्ती एच१वरच ठेवा, एच प्यादं एच४वर, उंट डी३वर. काळ्याने राजाच्या बाजूला कॅसलिंग केलं की घोडा जी५वर. काळा एच६ खेळून घोड्याला हाकलतो. तुम्ही घोडा हलवत नाही. त्याने मारला तर एच प्याद्याने परत मारा : एच पट्टी उघडली, एफ६चा घोडा प्याद्याच्या तोंडी आला, आणि वजीर एच५कडे निघाला. इंजिनाच्या हिशेबात त्याला एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा मिळालेला असतो, त्यामुळे मोह आवरत नाही. मात्र डी३–एच७ ही तिरकी रेषा खुली असली पाहिजे आणि काळ्याला एफ५ने ती बंद करता येता कामा नये. या दोन्ही अटी तपासल्याशिवाय घोडा पणाला लावू नका.

याच जातीचं दुसरं आमिष म्हणजे कडेचं प्यादं. उंट येऊन ते खातो, तुम्ही शेजारचं प्यादं एक घर ढकलून त्याची परतीची वाट बंद करता, आणि मग राजाला चालवत नेऊन त्याला पकडता. उंट प्रत्यक्ष पडायला आठ-दहा प्लाय लागतात, तोवर यंत्र एक प्यादं जास्त असल्याच्या आनंदात असतं.

पायरी ८ : त्याच्या हावेचा आणि पन्नास चालींच्या नियमाचा वापर

सलग पन्नास चाली कुणीही प्यादं हलवलं नाही आणि काही मारलंही नाही तर बरोबरीचा दावा करता येतो. यंत्राला आपण पुढे आहोत असं वाटत असेल तर त्याला बरोबरी नको असते. २००८ मध्ये इंटरनेट चेस क्लबवर नाकामुराने त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य अशा रिब्का या प्रोग्रॅमविरुद्ध तीन मिनिटांचा एक डाव काळ्याकडून खेळला. पट पूर्ण बंद केला आणि हत्ती देऊन हलकं मोहरं (घोडा किंवा उंट) घेतलं. रिब्काचा आकडा सांगत होता की आपण जिंकतोय. नाकामुरा नुसता मोहरी इकडून तिकडे हलवत राहिला. पन्नासाची मर्यादा जवळ आली, तेव्हा बरोबरी टाळायला रिब्काने स्वतःची भिंत स्वतःच फोडली आणि नाकामुराची मोहरी आत घुसली. डाव २७१ चाली चालला. शेवटी त्याने बढतीच्या प्याद्यांचे वजीर न करता उंट केले.

तुमच्या डावात हे करायचं तर हत्तीच्या बदल्यात एक भक्कम घोडा किंवा उंट घ्या, तेही बंद पटावरच, कारण तिथे हत्तीला फिरायला पट्टी नसते. मग मोजत बसा. चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या शांत चालीच्या सुमारास यंत्र कुठलं प्यादं हलवू शकतं त्याची यादी आधीच करून ठेवा, आणि त्या प्रत्येकाला उत्तर तयार ठेवा.

पायरी ९ : हरत असाल तर किल्ला बांधा

किल्ला म्हणजे अशी स्थिती जिथे समोरच्याकडे कितीही माल असला तरी आत शिरायला वाट नाही. २०१७ मध्ये गणितज्ञ रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने एक स्थिती प्रसिद्ध केली होती. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी, काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट. तिन्ही उंट काळ्या घरांवरचे. इंजिनं काळ्याचा प्रचंड विजय दाखवत होती. माणसाला मात्र थोड्या विचारानंतर दिसतं की पांढऱ्याचा राजा पांढऱ्या घरांवर फिरत राहिला तर काळा काही करू शकत नाही.

रोजच्या खेळात उपयोगी पडणारा किल्ला साधा आहे. समोरच्याकडे उंट आणि ए किंवा एच पट्टीवरचं प्यादं उरलं, आणि बढतीचं कोपऱ्यातलं घर त्या उंटाच्या रंगाचं नसेल, तर तुमचा राजा त्या कोपऱ्यात पोहोचला की बरोबरी. एंडगेमचे तक्ते (थोडी मोहरी उरलेल्या स्थितींची तयार उत्तरं) जोडलेले नसलेलं जुनं इंजिन चार गुणांनी पुढे असल्याच्या समजुतीत या स्थितीत आनंदाने शिरतं. म्हणून एक-दोन प्यादी मागे पडलात तर अदलाबदलीचा रोख आधीपासूनच त्या कोपऱ्याकडे ठेवा.

असे खड्डे फक्त बुद्धिबळात आहेत असं नाही. २०२३ मध्ये केलिन पेलरिन या गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ) खेळणाऱ्या अमेरिकन हौशी खेळाडूने अतिशय बलाढ्य अशा काटागो या प्रोग्रॅमला पंधरापैकी चौदा डावांत हरवलं. समोरच्याच्या सोंगट्यांभोवती हळूहळू मोठं कडं आवळायचं आणि त्याचं लक्ष कोपऱ्यांमधल्या चकमकींकडे वळवायचं. ही युक्ती संशोधकांनी दुसऱ्या एका प्रोग्रॅमला काटागोविरुद्ध लाखो डाव खेळायला लावून शोधली होती. पेलरिनने ती शिकून संगणकाच्या मदतीशिवाय पटावर वापरली.

पायरी १० : डाव संपल्यावर

जिंका वा हरा, डाव पूर्ण ताकदीच्या स्टॉकफिशला दाखवा. पण 'चूक' असा शिक्का कुठे पडला एवढंच बघू नका. मर्यादित इंजिनाचा आकडा आणि स्टॉकफिशचा आकडा कोणत्या चालीपासून वेगळे व्हायला लागले ते शोधा. तुमचा बेत तिथे सुरू झालेला असतो. दोन्ही आकडे तुमच्याविरुद्ध एकदमच घसरले असतील तर बेत नव्हता, तुम्ही नुसते थांबला होता.

हे तंत्र कुठे संपतं तेही ठाऊक असावं. पैज जिंकलेला लेव्ही १९८९ मध्ये डीप थॉट या बुद्धिबळ संगणकासमोर बसला तेव्हा ०–४ असा हरला. खोली वाढली की क्षितिज सरकतं आणि तुमचा बारा प्लायचा बेत त्याच्या उजेडात येतो. म्हणून सरावात खोली सहापासून सुरू करून, सलग तीन डाव वाचवता किंवा जिंकता आले की दोनने वाढवा.

पहिला सराव पायरी ४ मधल्या स्थितीपासूनच करा. आठ प्लायवर बांधलेल्या इंजिनाविरुद्ध आधी पांढऱ्याकडून खेळा : घोडा बी३, ए५वरचं प्यादं, राजा बी२, मग ए प्यादं. नंतर बाजू बदला. काळ्याकडून पांढऱ्याच्या पहिल्या चालीला उत्तर म्हणून कॅसलिंग करा, एफ६चा घोडा बाजूला घ्या आणि एफ५ खेळा. फ्रिट्झने जी किल्ली शेवटपर्यंत वापरली नाही ती पटावर काय करू शकते, ते तुमच्या हाताने बघा.